शर्मिला मेथरने निवडलेली होडी

आमच्या खाडीच्या मुखाशी बांधलेल्या जेटीवर बारा बोटींची जागा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या अकरा जागा भरल्या होत्या आणि बारावीवर शर्मिला मेथरचा हक्क होता. तिला ती देऊ नये असं उघडपणे कोणी म्हणत नव्हतं. म्हणणं एवढंच होतं, की बोट तिने संस्थेच्या पसंतीची घ्यावी.

संस्था म्हणजे पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या बोटवाल्यांची आमची छोटी सहकारी संस्था. मी तिचा मानद चिटणीस. नोकरी कणकवलीच्या एका कॉलेजच्या कार्यालयात, आणि शनिवार-रविवार गावी येऊन संस्थेचं इतिवृत्त आणि पत्रव्यवहार पाहायचा, असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. उरलेलं शर्मिलाने सांगितलं किंवा तिच्या शेजारच्या अक्काने.

शर्मिलाचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. अंगाने लहानखुरी, उन्हाने रापलेली. सलवारीवर पुरुषी फुलशर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बरीच वर्षं इंजिनांशेजारी काढल्यामुळे तिचा आवाज कायम वरच्या पट्टीत असायचा, आणि समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट पाहण्याची सवय तिला नव्हती. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, "तुमका कसली घाई? तुमचा झाला मा?"

तिचे वडील बाळा मेथर उलांडीची होडी चालवायचे. अरुंद होडीच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्यांनी एक लाकडी ओंडका बांधायचा, तो पाण्यावर तरंगतो आणि होडीला कलंडू देत नाही; ती उलांडी. संस्था स्थापन झाली तेव्हा बाळा मेथर संस्थापक सभासद होते. ते गेल्यावर मुलगा सत्यवान मुंबईच्या नोकरीतून परत येणार नव्हता, म्हणून सभासदत्व शर्मिलाच्या नावावर झालं. पण तेव्हा ती गोव्यात होती. एका धनिकाच्या यॉटवर स्वयंपाकीण म्हणून लागली होती. पुढे डेक धुता धुता दोर ओढू लागली, दोर ओढता ओढता सुकाणू धरायला शिकली, आणि तिसऱ्या प्रयत्नात बोट चालवण्याचा परवाना काढला. चौदा वर्षं तिने दुसऱ्यांच्या बोटी सांभाळल्या. परत आली ती स्वतःची होडी घ्यायची, आणि ती आपल्याच गावात चालवायची, हे ठरवून.

लोक कशा बोटी घेतात, हे तिने तिथे जवळून पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी तिच्या पडवीत बसलं की ते ऐकायला मिळायचं.

"दिल्लीच्या एका शेटान तीन मजल्यांची बोट घेतल्यान," ती सांगायची. "आतमदी एसी, झुंबर, सगळा. वर्षात दोनदा दर्यात गेली. बाकी दिवस जेटीक बांधून तेच्यार पार्ट्यो. मी तेका सांगलंय, शेटजी, तुमका होडी नको होती, हॉल होयो होतो."

"आणि तो काय म्हणालो?" अक्काचा प्रश्न.

"म्हणालो, शर्मिला, चाय लाव."

दुसरी गोष्ट एका डॉक्टर दांपत्याची. त्यांनी शर्यतीची यॉट घेतली. वेगाने पळणारी, पण वाऱ्यात इतकी कलणारी की आत माणसाला भिंतीवर पाय देऊन उभं राहावं लागायचं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी ओकून हाय खाल्ली आणि त्यानंतर डॉक्टरसाहेब एकटेच शर्यत करत राहिले.

"माणसा येतत ती होडी इचारतत," ती म्हणायची. "किती लांब, किती गोरी, किती पळता. बसतलो कोण ता कोणी इचारणा नाय. पाणी किती, वारो खयचो, पावसाळ्यात ती निजतली खंय, काय नाय. लग्नात फक्त चेडवाचो रंग इचारतत तसा."

आता आमच्या संस्थेची चूक सांगतो, कारण ती आम्हीच करू शकतो अशी होती. जेटी बांधणाऱ्या ठेकेदाराने दोर बांधायचे लोखंडी खुंट तीस-तीस फुटांवर बसवले. का, ते त्याचं त्याला माहीत. पण खुंट तीस फुटांवर आहेत म्हणून संस्थेने ठराव केला, की जेटीवर लागणारी बोट तीस फुटांच्या आसपास असावी, आणि 'दिसण्यास आकर्षक' असावी. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. जिथे पूर्वी होडी पाण्याच्या आणि वाळूच्या मापाने निवडायचे, तिथे आम्ही ती सिमेंटच्या मापाने निवडू लागलो, आणि लिहिताना ते मलाही खटकलं नाही.

अध्यक्ष हरिश्चंद्र तोडणकर. साठीचे, पांढरी पँट, गळ्यात सोन्याची चेन, स्वतःच्या दोन बोटी. वाईट माणूस नव्हे. जेटी मंजूर करून घ्यायला त्यांनी खरोखर खस्ता खाल्ल्या होत्या. म्हणूनच ती त्यांना स्वतःची वाटायची. त्यांच्या मनात एकच गोष्ट भरली होती: आपल्या जेटीवर एक पांढरीशुभ्र शिडाची यॉट हवी, म्हणजे तिचा फोटो बघून लोक इकडे वळतील. शर्मिलाला यॉट चालवता येते, तिने ती आणावी. दसऱ्यापर्यंत आणली नाही, तर बारावी जागा त्यांच्या पुतण्याला, प्रीतमला. त्याची स्पीडबोट तयारच होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका एजंटामार्फत त्यांनी गोव्याहून एक यॉट दाखवायला आणवली. भर भरतीच्या वेळी ती खाडीत शिरली तेव्हा खरं सांगतो, मीही इतिवृत्ताची वही मिटून जेटीवर गेलो. बत्तीस फूट लांब, डेकला सागवानी पट्ट्या, डोलकाठी माडापेक्षा उंच. जेटीवर अर्धा गाव जमला. पोरी फोटो काढू लागल्या. प्रीतमसुद्धा कौतुकाने बघत राहिला.

शर्मिला आली, यॉटवर चढली, आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर आली.

"होडी बरी आसा," ती एजंटाला म्हणाली. "चांगली राखलेली आसा. खाली कील किती?"

कील म्हणजे यॉटच्या बुडाखाली उभं लोंबणारं शिशाचं जड पातं. ते शिडाच्या यॉटला उलटू देत नाही.

"चार फूट," एजंट म्हणाला.

"बरा." एवढंच म्हणून ती उतरली आणि चालू पडली.

"अगो, चललंस खंय?" हरिश्चंद्र ओरडले. "जेवण सांगलेला आसा!"

"जेवा तुमी. मी इलंय."

जेवण जेटीच्या मंडपात होतं. कुर्ल्यांचं कालवण आणि वडे. एजंट दुसऱ्यांदा वाढून घेत होता, तेवढ्यात खाडीच्या मुखाकडून हाक आली. सुकती, म्हणजे ओहोटी, लागून दोन तास झाले होते. मुखाशी वाळूचा आडवा दांडा आहे. समुद्रात जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागतं. त्या दांड्याच्या बरोबर मधोमध शर्मिला पाण्यात उभी होती, दोन्ही हात वर करून.

"ओ हरिश्चंद्रनू! हंय बघा! माझ्या गळ्याक पाणी आसा, आणि माझी उंची पाच फूट! अजून चार तास सुकती बाकी आसा!"

एजंटाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग शर्मिलाकडे बघितलं, आणि वडा तसाच हातात घेऊन उठला. पुढच्या दहा मिनिटांत यॉट दोर सोडून इंजिनावर निघाली. दांड्यावरून जाताना तळाला काही घासलं की नाही, ते त्यालाच ठाऊक. बाहेर पडल्यावर तो मागे वळून हातसुद्धा हलवायला थांबला नाही.

मंडपात काही लोक हसले. हरिश्चंद्र हसले नाहीत.

"भरती बघून जावचा, भरती बघून येवचा," ओल्या कपड्यांनी शर्मिला परत आली तेव्हा ते म्हणाले. "त्येका काय झाला?"

"पर्यटकांची बस भरती बघून येता काय?"

"आणि गोव्यात चलतत त्यो?"

"थंय खोल पाणी आसा. हंय नाय. आणि पावसात ही ऱ्हवतली खंय? वाळूच्या रेवेर ओढलास तर आडवी पडतली. तिच्या पोटाखाली ता पाता आसा."

"पावसात गोव्यात नेवन ठेवची."

"म्हणजे चार महिने माझी होडी दुसऱ्याच्या दारात. चौदा वर्सा मी ताच केलंय मा? दुसऱ्याच्या दारात." आणि केस पिळत ती निघून गेली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी शाळेच्या खोलीत सभा झाली. सभेत आम्ही सगळे पुस्तकी मराठीत बोलतो, ही आमची एक रीत आहे. हरिश्चंद्रांनी उभं राहून सांगितलं, की संस्थेने सभासद श्रीमती मेथर यांना उत्तम संधी दिली होती, जेटीचं नाव मोठं व्हावं हा हेतू होता, आणि सभासद भगिनींनी भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये.

"भावना नाय ओ," शर्मिला बसल्या जागेवरून म्हणाली. "चार फूट."

खोलीत खसखस पिकली. हरिश्चंद्रांचा चेहरा तांबडा झाला. मग ते सरळ बोलले. "आसा करूया. तुका ती नको, तर दुसरी आण. पण तीस फुटी, आणि बघण्यासारखी. नायतर जागा प्रीतमाक."

"मी दोन अंगांची होडी बघून ठेवलंय. बावीस फूट. कॅटमरान."

"ती खाट?" प्रीतम मागून म्हणाला. "दोन होड्यो बांधून वर जाळी? तेच्यार माणसा बसवतलंस काय सुंगटा-बांगडे सुकवतलंस?"

या वेळी हसणं मोठं होतं. शर्मिला थांबली. सगळ्यांचं हसून झाल्यावर ती उठली आणि माझ्याकडे वळली.

"लिवा ओ सेक्रेटरी. शर्मिला बाळा मेथर जेटीर जागा मागणा नाय. जेका जेटी लागणा नाय, अशी होडी मी हाडतलंय."

"बेकायदा काय केलंस तर संस्था जबाबदार नाय," हरिश्चंद्र म्हणाले.

"बंदर खात्याचे सगळे कागद करतलंय. तुमच्या ठरावाचो सोडून."

मी लिहिलं. बारावी जागा प्रीतमला मिळाली. त्या दिवशी मला वाटलं होतं, की रागाच्या भरात तिने स्वतःचंच नुकसान करून घेतलं. मी तिच्या घरी जाऊन तसं म्हणालोही. ती चूल फुंकत होती.

"भाऊनू, बापूस माझो जेटीर होडी लावायचो काय? तेवा जेटी होती खंय? होडी रेवेर चढायची, रेवेरसून उतरायची. आता तीस फूट सिमेंट झाला, तर सगळ्यांका वाटता दर्या थंयच सुरू होता."

होडी नोव्हेंबरात आली, तीही टेम्पोतून. एका परदेशी जोडप्याची, गोव्यात एका शेडमध्ये धूळ खात पडलेली. दोन लांब निमुळती अंगं एकावर एक बांधलेली, आणि बाकी सगळा पसारा गोणपाटात गुंडाळलेला. टेम्पो वाडीत शिरला तेव्हा अक्का कुंपणाशी उभी होती.

"गो शर्मिला, मधी करवतीन कापल्यास काय गो?"

प्रीतम मोटरसायकल थांबवून बघत होता. "अर्धी अर्धी हाडल्यान! उरलेली फुडल्या वर्सा येतली काय?"

"तुझी अक्कल येईसर दोनय अर्धे जोडून झालेले असतले," शर्मिला टेम्पोवरूनच म्हणाली. "जा, हवा येवंदे."

चार दिवस ती जोडणी करत होती. दोन अंगं समांतर ठेवली, त्यांच्यावर दोन आडवे दांडे बोल्टांनी आवळले, मधल्या जागेत मजबूत जाळी ताणली, डोलकाठी उभी केली. मी बघायला गेलो आणि चटकन म्हणून गेलो, "ही तर उलांडीच!"

"उलांडीची भयण," ती म्हणाली. "एका अंगाक ओंडको होतो, तो वाढून होडी झालो. फरक इतकोच."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. तेव्हा कळलं, की जे हट्टासारखं दिसत होतं ते मोजूनमापून ठरवलेलं होतं. या होडीला गुडघाभर पाणी पुरतं, म्हणजे पूर्ण सुकतीलाही दांडा ओलांडता येतो. दोन अंगांमुळे ती वाऱ्यात कलत नाही, म्हणजे पहिल्यांदाच समुद्रात आलेला माणूस घाबरत नाही. खाली कील नाही, म्हणजे वाळूवर सरळ बसते. आणि आमच्याकडे दुपारी जो खारा वारा सुटतो तो बेताचा. त्याला मोठं जड शीड लागत नाही. तोटेही तिने लपवले नाहीत. सहाच माणसं बसतात. आत खोली नाही, डोक्यावर छप्पर नाही, लाटेचं पाणी जाळीतून वर येतं. वाऱ्याच्या थेट तोंडावर ती चांगली चालत नाही. "जेका कोरडा बसान बिर्याणी खावची आसा, तेणी जेटीर जावचा," ती म्हणाली.

नोंदणी झाली, तपासणी झाली, लाइफ जॅकेटं आली, कायद्याला हवं म्हणून छोटं इंजिनही लागलं. पण डिसेंबरचे पहिले तीन आठवडे तिच्या होडीवर माणूस चढला नाही. पर्यटक जेटीवर उतरायचे, तिथे नंबराने बोटी लागलेल्या. हरिश्चंद्रांनी सगळ्यांना बजावलं होतं, की वाळूवरच्या होडीचं नावसुद्धा काढायचं नाही. शर्मिला रोज दुपारी रिकामी होडी घेऊन बाहेर जायची, दांड्यापलीकडे दोन फेऱ्या मारायची आणि परत यायची. जेटीवरून शिट्ट्या ऐकू यायच्या. ती जेटीच्या मुद्दाम जवळून जायची.

पहिले प्रवासी खारेपाटणचे एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. बाईंचे गुडघे गेलेले. जेटीवरून बोटीत दोन पायऱ्या उतरून उडी घ्यावी लागते, ते त्यांना जमेना, म्हणून दोघं किनाऱ्याने परत निघाले होते. शर्मिलाने हाक मारली. होडी वाळूला टेकवलेली, जाळी गुडघ्याच्या उंचीला. बाई नुसत्या मागे टेकून बसल्या आणि पाय वर घेतले. झालं.

नेमका त्याच दिवशी बाहेर वारा पडला. इंजिन सुरू होईना. टाकीत वाळू गेली होती, आणि ती चूक शर्मिलाचीच, झाकण तिने नीट लावलं नव्हतं. प्रीतम गाणी लावलेली स्पीडबोट घेऊन त्यांच्याभोवती फिरू लागला.

"ताय, ओढून नेव काय? फुकट नेतंय!"

शर्मिलाने प्रवाशांना विचारलं. माणसं तिच्या भरवशावर होती, तिथे तिने स्वतःचा हट्ट पुढे केला नाही. हेडमास्तरांनी विचारलं, "धोका आहे का?" ती म्हणाली, "नाही. फक्त उशीर होईल." हेडमास्तर बायकोकडे वळले. बाई म्हणाल्या, "लग्नाच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा समुद्रात आलेय. मला कसली घाई?" मग शर्मिलाने एक वल्हं काढलं आणि हेडमास्तरांनी दुसरं हातात घेतलं. तासाभराने ते किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या तळव्यांना फोड आले होते आणि ते फोड ते सगळ्यांना दाखवत होते.

त्या दोघांनी आणखी माणसं पाठवली. पाठदुखीवाले, म्हातारे आईबाप घेऊन आलेले, आवाजाला कंटाळलेले, पाण्याची भीती असलेले. सहा-सहा करत होडी भरू लागली. जानेवारीत जेटीवरच्या तिकीट-खिडकीशी लोक विचारू लागले, "ती गाणी नसलेली होडी कुठे मिळते?" हरिश्चंद्रांच्या आदेशावरून उत्तर जायचं: माहीत नाही. लोक बोटाने दाखवायचे, "अहो, ती काय समोर!"

मे महिन्याच्या शेवटी बोटी वर काढायची वेळ आली. आमच्याकडे याची एक रीत आहे. मालक नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडतो आणि मोठ्याने हाक घालतो. ती हाक ज्याला ऐकू जाईल त्याने दोराला हात लावायचा. भांडण असो, कोर्टकचेरी असो, हाकेला यायचं. खाली ओंडके घालायचे, दोर ओढत होडी माडांखाली न्यायची, आणि मग मालकाने सगळ्यांना चहा आणि गुळाचं खाजं द्यायचं. मी लहानपणापासून हे पाहिलं आहे. हाक घातली आणि कोणी आलं नाही, असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पाहिलं. हरिश्चंद्रांनी सांगून ठेवलं होतं, की संस्थेचा दोर, संस्थेचे ओंडके आणि संस्थेची माणसं फक्त जेटीच्या बोटींसाठी. शर्मिलाने नारळ फोडला आणि हाक घातली. वीस-पंचवीस पुरुष वाळूवर उभे होते, हात मागे बांधून. कोणी मान खाली घातली, कोणी समुद्राकडे बघितलं. तिने दुसऱ्यांदा हाक घातली. आकाश पश्चिमेला काळवंडलेलं होतं.

अक्का माडांखालून तरातरा आली. वय पंच्याहत्तर.

"मेल्यांनो, कान खंय ठेवलास? बाळाच्या चेडवाची हाक ऐकूक येणा नाय? बाळान तुमच्या बापाशींच्यो होड्यो ओढल्यान!"

"अक्का, ऱ्हवांदे," शर्मिला म्हणाली. तिने तिसरी हाक घातली नाही. खिशातून पाना काढला आणि गुडघ्यांवर बसून पहिला बोल्ट सैल केला.

अर्ध्या तासात डोलकाठी उतरली, जाळी सुटली, दांडे निघाले. वाळूवर दोन अंगं वेगवेगळी पडली, एकेक इतक्या वजनाचं की आठ जणांच्या खांद्यावर जावं. तोपर्यंत अक्काने वाडीतल्या बायका गोळा केल्या होत्या. डोक्यावर माशांच्या टोपल्या वाहिलेल्या बायका त्या. पदराची चुंबळ खांद्यावर ठेवून त्यांनी पहिलं अंग उचललं.

"हळू गो, ह्या काय तुझ्या घोवाक उचलतंस नाय!" मागून कोणीतरी म्हणाली.

"घोव जड आसा गो, ह्या हलक्या आसा!"

त्या हसत हसत पुरुषांच्या समोरून गेल्या. दुसऱ्या अंगाच्या वेळी धोंडू आणि शंकर, जेटीवरचे दोन बोटवाले, मागच्या रांगेतून निघाले, कोणाकडे न बघता आले आणि मागचं टोक धरलं. मग मीही हात लावला. पाऊस सुरू व्हायच्या आत होडी माडांखाली झावळ्यांच्या झापांनी झाकलेली होती आणि शर्मिला परातीतून खाजं वाटत होती. न आलेल्यांकडेही तिने परात पाठवली. काहींनी घेतलं.

ऑगस्टमध्ये एका सभासदाने बोट विकली आणि जेटीवर एक जागा मोकळी झाली. कार्यकारी समितीने ती शर्मिलाला देऊ केली. अटी तीन: होडीवर संस्थेचा रंग आणि पाटी, प्रवासी घ्यायचे ते जेटीवरच्या नंबराने, आणि वाळूवरून प्रवासी घेणं बंद. पत्र मी टाइप केलं. न्यायला मात्र हरिश्चंद्र स्वतः माझ्याबरोबर आले. शर्मिला पडवीत शिडाला ठिगळ लावत होती. तिने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"जागा देतास ती माझ्या बापसाच्या हक्काची," ती म्हणाली. "ती अटीर कशी देतास?"

"संस्था म्हटली की नियम इले."

"नंबर माझो चार वाजता लागलो आणि वारो दोन वाजता इलो तर मी काय करूचा? वाऱ्याक सांगू, थांब रे, धोंडूचो नंबर आसा?"

हरिश्चंद्र खुर्चीत पुढे सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "शर्मिला, ऐक. तुझा बघून धोंडू नि शंकर तशाच होडीची चौकशी करतत. सगळे रेवेर गेले तर जेटी कोणासाठी? मी दहा वर्सा ऑफिसांचे जिने झिजवलंय त्या जेटीसाठी."

"ता माका म्हायत आसा. जेटी वायट नाय. मोठ्या बोटींका ती होयी. पण माझ्या होडीक ती नको, आणि तुमी माका तीच दाखवून वाकवतास."

"मगे संस्थेतसून भायर हो."

"भायर कित्याक? मी सभासद आसंय. सभेक येतलंय, पुढच्या खुर्चेर बसतलंय, आणि पटणा नाय थंय हात वर करतलंय. भायर काडूक जमता तर काडा." तिने पत्राच्या खाली 'नामंजूर' लिहून सही केली आणि ते माझ्या हातात दिलं. हरिश्चंद्र चहा न घेता उठले.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत ठराव मांडला गेला, की संस्थेच्या कोणत्याही सभासदाने वाळूवरून प्रवासी घेऊ नयेत. सभेआधी मी अध्यक्षांना सांगितलं होतं, की परवाना बंदर खात्याचा आहे, आपलं चालतं ते फक्त जेटीवर. त्यांनी तरीही मांडला. शर्मिला पुढच्या खुर्चीवर बसली होती. विरोधात कोण, असं मी विचारलं, तसा तिचा हात वर गेला. मग धोंडूचा. मग शंकरचा. मग भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाचा, ज्याने मे महिन्यात खाजं घेतलं नव्हतं.

ठराव आठ विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. मी तशी नोंद केली.

होडी तिने आठवड्यापूर्वीच पुन्हा जोडून वाळूवर आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बंदर खात्याचा परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोलकाठीला बांधला. दुपारी दोनला वारा आला. जेटीवरून सगळे बघत असताना तिने वाळूवरून सहा माणसं होडीत घेतली आणि शीड चढवलं.